बनाबाईचा आवाज माझ्यापर्यंत आला होता

मित्रांनो, मी वॉकीटॉकी आहे. खाणीवरची माणसं मला नुसतं 'सेट' म्हणतात. माझं वय झालं आहे. कोपऱ्यांवरचं रबर सुटलं आहे, अँटेनाला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि बोलायचं बटण इतकं झिजलं आहे की त्यावर कधी काय छापलेलं होतं ते मलाही आठवत नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात म्हणे. मीही झालो असतो, पण सध्या माझा जीव नुसता तडफडतो आहे. एका बाईला खोटं पाडायला माझा वापर केला गेला, आणि तो राग गिळून तुमच्याशी गोड बोलणं मला जमायचं नाही.

तरी सुरुवातीपासून सांगतो. दूरच्या एका कारखान्यात माझा आणि माझ्या जुळ्या भावाचा जन्म झाला. एकाच खोक्यात आम्ही सोलापूरला आलो आणि सात रस्त्याजवळच्या एका दुकानात काचेमागे उभे राहिलो. तिथून आम्हाला एका मंगल कार्यालयाने नेलं. ते दिवस मोठे गमतीचे होते. "वऱ्हाड चौकात आलंय, बँडवाल्याला उठवा," "भटजी कुठं गेले बघा," "दुसऱ्या पंगतीला मठ्ठा कमी पडतोय" असले निरोप आम्ही दिवसभर इकडून तिकडे न्यायचो. निरोप चुकला तर फार तर कुणाचा रुसवा व्हायचा. पुढे तिथे नवे सेट आले आणि आम्ही दोघे भाऊ अक्कलकोट रस्त्यावरून आत, माळावरच्या एका दगडखाणीत दाखल झालो.

खाणीत मला खरी किंमत आली. तिथे काळा दगड सुरुंग लावून फोडतात. सुरुंग उडवायचं काम रुद्रप्पाचं. तो कानडी मुलखातला, मिशा पिकलेला, कमी बोलणारा. मी त्याच्या कमरेला असायचो. माझा भाऊ असायचा बनाबाईकडे.

बनाबाईचं काम ऐकायला साधं वाटेल. खाणीच्या कडेने एक गाडीवाट जाते. सुरुंगाच्या वेळी त्या वाटेवर माणूस किंवा जनावर येऊ नये म्हणून लाल निशाण घेऊन ती बांधावर उभी राहायची. तिचं सासर मेंढ्या पाळणारं. नवरा मायाप्पा आणि दीर बिरुदेव दोघेही कळपामागे हिंडणारे. त्यामुळे माळावर कोणता कळप कुठे चरतो, कोण कोणत्या वेळी पाण्याला खाली उतरतो, हे तिला घरबसल्या ठाऊक. मेंढपाळही तिचंच ऐकायचे. एखादा पुरुष निशाण हलवत ओरडला तर ते "व्हय व्हय" म्हणत पुढेच यायचे. बनाबाईने नुसता पदर खोचला की वळायचे.

आमच्या खाणीतली एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर उभं आहे. सुरुंग भरून झाला की रुद्रप्पा आडोशाच्या खोलीत यायचा आणि माझं बटण दाबून विचारायचा, "बनाबाई, रस्ता कसा हाय?" तिकडून उत्तर यायचं, "मोकळा हाय, मामा." मग भोंगा वाजायचा. भोंगा वाजल्यानंतर मात्र कुणी काही बोलायचं नाही. सुरुंग पेटवणाऱ्या तोट्यांच्या आसपास सेट वापरू नये, हे एक कारण. दुसरं असं की ती वेळ एकाच शब्दासाठी मोकळी ठेवलेली असायची. तो शब्द म्हणजे 'थांबा'. धोका दिसला तर बनाबाईने 'थांबा' म्हणायचं आणि रुद्रप्पाने हात आखडायचा. त्याने उलट उत्तर द्यायचं नाही. ती काहीच बोलली नाही तर सगळं ठीक आहे असं समजून, पान थुंकून तोंड पुसायला लागतो तेवढा वेळ थांबून, तो सुरुंगाची कळ दाबायचा.

कळलं ना, मित्रांनो? आमच्याकडे शांतता म्हणजे होकार. अशा जागी मी गप्प आहे तो कुणी बोललं नाही म्हणूनच गप्प आहे, एवढी तरी खात्री माणसांना हवी की नको?

आता माझ्या स्वभावातली एक गोष्ट. मी बारीक खरखर करतो. कुणी बोलत नसलं तरी हवेतून काही ना काही माझ्या कानावर येत असतं. माझ्या आत एक राखणदार बसवलेला आहे. कोणता आवाज आत सोडायचा आणि कोणता दारातच अडवायचा, हे तो ठरवतो. कारागीर त्याला स्क्वेल्च म्हणतात. त्याला कडक केलं तर खरखर बंद होते, पण लांबून येणारा अशक्त आवाजही बाहेरच राहतो. खाणीचा पसारा मोठा, मध्ये दगडांचे ढीग, खाली ओढा. म्हणून आम्ही खाणीत येताना दुकानातल्या कारागिराने माझा राखणदार मुद्दाम सैल ठेवला होता. थोडी खरखर चालेल, पण हाक चुकायला नको, असा त्याचा हिशेब. त्या राखणदाराचा आकडा बदलायची जागा त्याने आणि कंपनीने लपवून ठेवलेली असते. सुरू करताना दोन बटणं एकदम दाबून धरली तरच ती उघडते. उगाच कुणी येता-जाता तिथे हात घालू नये म्हणून ती लपवलेली असते, एवढं कुणालाही समजावं.

अभिमन्यूला समजलं नाही.

अभिमन्यू हा खाणीच्या ऑफिसात बसणारा सुपरवायझर. शुक्रवार पेठेत राहणारा, हसतमुख, कुणाचाही मोबाईल बिघडला की पटकन नीट करून देणारा. रुद्रप्पा त्याला लाडाने 'तम्मा' म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता हे मी मान्य करतो, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. त्याला माझी खरखर सहन होत नव्हती. "दिवसभर काय भजी तळताय का मामा," असं तो रुद्रप्पाला म्हणायचा. एकदा दुपारी जेवणानंतर त्याने मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि मला हातात घेतलं. दोन बटणं दाबून धरली आणि मला चालू केलं. माझ्या पडद्यावर असे आकडे उमटले जे खाणीत आल्यापासून कुणी पाहिले नव्हते. आपल्या माजघरातली पेटी कुणी परक्याने न विचारता उघडावी तसं मला झालं. तो एकेक आकडा वरखाली करून बघत होता. राखणदाराचा आकडा सापडल्यावर त्याने तो चढवत चढवत पार शेवटाला नेला आणि मला पुन्हा बंद-चालू केलं.

मी एकदम चिडीचूप झालो.

त्याने चाचणीही घेतली बरं का. माझ्या भावाला घेऊन तो ऑफिसच्या दारापर्यंत गेला, "हॅलो, हॅलो" म्हणाला, आणि माझ्यातून स्वच्छ आवाज आला. झाली चाचणी. बांधापर्यंत जाऊन बघावं, ओढ्यात उतरून बघावं, बनाबाईला विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. रुद्रप्पाने मला कानाला लावलं आणि खूश झाला.

"तम्मा, डोकं कसं निवांत झालं बघ. काय केलंस?"

"काय नाही हो मामा, थोडं सेटिंग केलं."

थोडं सेटिंग. एवढ्यावर तो विषय संपला. बनाबाईला तर कुणी तेवढंही सांगितलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस काही बिघडलं नाही. बनाबाई बांधावर उंच उभी राहून बोलायची आणि तिचा आवाज जोरकस यायचा. राखणदार तो आत सोडायचा. खरखर नाही, स्वच्छ बोलणं, सगळे समाधानी. मला मात्र धाकधूक होती. पण मी काय सांगणार? मला फक्त दुसऱ्यांचं बोलणं बोलता येतं.

मग तो दिवस आला. सुरुंग भरून झाला होता. रुद्रप्पाने विचारलं, बनाबाईने "मोकळा हाय, मामा," असं सांगितलं, आणि भोंगा वाजला. तेवढ्यात ओढ्याच्या पात्रातून मेंढ्यांचा कळप वर यायला लागला. त्या बाजूने एरवी कुणी येत नाही. कळप बिरुदेवचा होता. वरच्या अंगाला कुणीतरी नवं कुंपण घातलं होतं, म्हणून तो ओढ्यातून आला होता, आणि खोलात असल्यामुळे त्याला भोंगा नीट ऐकू आला नव्हता. बनाबाईने ते पाहिलं आणि निशाण घेऊन ती ओढ्यात उतरली. धावतानाच तिने बटण दाबलं.

"थांबा मामा, उडवू नगा. वड्यातनं मेंढरं आल्यात. थांबा."

मित्रांनो, मी ते ऐकलं. मध्ये दगडाचा ढीग होता, ती खाली खोलात होती, आवाज अगदी क्षीण झाला होता, पण शब्दन् शब्द माझ्या दारापर्यंत आला. आणि माझ्याच आत बसलेल्या राखणदाराने तो अडवला. ती पुन्हा बोलली. "थांबा मामा, भाऊजी हितंच हाईत." तोही अडला. रुद्रप्पाने मला कानाशी धरलं होतं. बिचारा किती काळजीने ऐकत होता. त्याला ऐकू आली ती निव्वळ शांतता, आणि आमच्याकडे शांततेचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगून झालं आहे. तो थोडा थांबला आणि त्याने कळ दाबली.

पुढचं मला नंतर बोलण्यातून कळलं. उत्तर यायचं नसतं हे बनाबाईला माहीत होतं. आपण 'थांबा' म्हटलं म्हणजे सुरुंग थांबला, हा तिचा इतक्या दिवसांचा भरवसा. म्हणून ती पळून आडोशाला गेली नाही. ती कळपात शिरून मेंढ्या मागे वळवायला लागली आणि लांबून बिरुदेवला हाताने खुणावत राहिली. सुरुंग उडाला तेव्हा ती एका मोठ्या धोंड्यामागे होती म्हणून वाचली. काही मेंढ्या जागीच मेल्या. एक दगड बिरुदेवच्या उजव्या हातावर आला आणि त्याची बोटं चेचली. कातरणी धरून लोकर उतरवणारा हात तो. डॉक्टरांनी दोन बोटं काढली.

आता ऐका माझ्या रागाचं खरं कारण.

सगळ्यांनी बनाबाईला विचारलं, "सांगितलं का न्हाईस?" ती म्हणाली, "सांगितलं की. दोनदा सांगितलं." रुद्रप्पाला विचारलं. तो खरं तेच बोलला, "मला काय बी ऐकू आलं न्हाई." दोघंही खरं बोलत होती, आणि तरी सगळ्यांनी एकालाच खरं मानलं. कारण काय, तर सेट खोटं बोलत नाही. खाणीचे मालक म्हणाले, "घाईत बटणच दाबलं गेलं नसेल. होतं असं." बघा, त्यांनी तिला शिवी दिली नाही, ओरडले नाहीत. मोठ्या समजुतीने बोलले. ती समजूत ऐकून माझ्या आतल्या तारा तापल्या. जिने माझ्या भावाचं बटण वर्षानुवर्षं दाबलं, जिच्या बोटाने तेही झिजलं, तिला बटण दाबता येत नाही म्हणे!

आणि अभिमन्यू? चार्जिंगला लावतो म्हणून त्याने मला ऑफिसात नेलं. दार लोटून घेतलं. दोन बटणं दाबून धरली. आकडा पूर्वी होता तिथे आणून ठेवला आणि मला पुसून टेबलावर ठेवलं. तो घाबरला होता हे मला कळत होतं. पण घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याचा गळा पुढे करावा, हे कुठलं शहाणपण?

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. बनाबाईला ओढ्यात त्याच जागी उभं केलं आणि सांगितलं, काल जे बोललीस ते बोल. ती बोलली. "थांबा मामा, उडवू नगा." मी काय करणार होतो? माझा राखणदार आता सैल होता. माझ्यातून तिचा आवाज खरखरीतून, पण स्पष्ट बाहेर पडला, सगळ्यांनी ऐकला.

"बघा, बटण दाबलं की ऐकू येतंय," मालक म्हणाले.

अभिमन्यू खाली बघून म्हणाला, "दाबलं गेलं नसेल त्यांच्याकडून."

म्हणजे मी नीट चाललो आणि त्याच नीट चालण्याने ती खोटी ठरली. आयुष्यात मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

बनाबाईच्या हातून निशाण काढून घेतलं गेलं. पण तेवढ्यावर भागलं नाही. रुद्रप्पा बिरुदेवला बघायला वस्तीवर गेला तेव्हा मी त्याच्या कमरेला होतो. बिरुदेव बाजेवर पडला होता. तो बनाबाईकडे न बघता म्हणाला, "वैनी, तुमी बटनच दाबलं नसंल. कबूल तर करा." मायाप्पा म्हणाला, "चुकलं म्हण आणि मोकळी हो. किती दिस हे घेऊन बसायचं?" बनाबाई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "न झालेली चूक कबूल करू? मग उद्या माझ्या बोलण्यावर पोरं तरी इस्वास ठेवतील का?" तिच्या घरात तिच्या बाजूने एकही माणूस नव्हता. खाणीवरचं काम गेलं याचं तिला एवढं नव्हतं. तिचा शब्द गेला होता, आणि तो परत कुठून आणायचा हे तिला कळत नव्हतं.

वस्तीवरून परतल्यावर रुद्रप्पा दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आडोशाला बसला. मी त्याच्या शेजारी दगडावर होतो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे खरखरत होतो. घास चावता चावता तो थांबला. त्याने मला उचललं, कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं. मग भाकरी तशीच फडक्यात ठेवून तो ऑफिसात गेला.

"अभिमन्यूसायेब, ह्याची खरखर तुमी बंद केली होती."

त्याने तम्मा म्हटलं नाही हे अभिमन्यूच्याही ध्यानात आलं. "हो मामा, जरा..."

"सुरुंग उडला त्या दिशी खरखर नव्हती. एवढा बी आवाज नव्हता. मी कान देऊन बसलो होतो, मला ठाव हाय. दुसऱ्या दिशी बनाबाई बोलली तवा मागं खरखर होती. आता बी हाय. ती परत कुणी चालू केली?"

अभिमन्यू टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

"माझ्या हातानं कळ दाबली मी," रुद्रप्पा म्हणाला. "रोज रात्री तो हात मला झोपू देत न्हाई. तुमी निदान तोंडानं तरी बोला."

तेव्हा कुठे अभिमन्यू बोलला. व्हिडिओ, दोन बटणं, चढवलेला आकडा, मग घाबरून परत उतरवलेला आकडा, सगळं. शेवटी म्हणाला, "मला वाटलं, आता सांगून काय होणार आहे. आपल्यातच ठेवू या का मामा?" रुद्रप्पाने त्याची बाही धरली आणि त्याला मोटारसायकलवर मागे बसवून तसाच वस्तीवर नेला. वाटेत मालकांना फोन करून त्यांनाही बोलावून घेतलं.

अंगणात सगळे जमले. बिरुदेव बाजेवर उठून बसला, मायाप्पा दाराला टेकून उभा राहिला. अभिमन्यू बनाबाईसमोर गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "बनाबाई, तुम्ही बटण दाबलं होतं. तुम्ही सांगितलंही होतं. सेटमध्ये मी बदल केला होता, म्हणून ऐकू गेलं नाही."

बनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही की तिने त्याला शिव्याही दिल्या नाहीत. तिच्या मागची माणसं त्याला समोर दिसावीत म्हणून ती नुसती बाजूला झाली.

"हे मला कशाला सांगतासा? मला ठाव हाय की. ह्यांना सांगा."

आणि त्याला ते पुन्हा सांगावं लागलं. आधी मालकांना, मग मायाप्पाला, मग बाजेवरच्या बिरुदेवला. मालक काहीतरी म्हणायला गेले, "झालं गेलं..." आणि बनाबाईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला तुम्ही रोज पुसा, वेळेवर चार्जिंग करा, पावसात भिजू देऊ नका, हे मी सांगायला हवं. पण आज माझी विनवणी त्यासाठी नाही. जी जागा लपवून ठेवली आहे तिथे उत्सुकतेने हात घालावासा वाटेल, तुमचं वयच तसं आहे. तेव्हा आधी एवढं विचारा की या यंत्राच्या भरवशावर पलीकडे कोण उभं आहे, आणि जे कराल ते त्याला सांगूनच करा. चुकलात तर लगेच बोला. अभिमन्यूने माझ्या आतला आकडा होता तिथे परत नेऊन ठेवला आणि त्याला वाटलं सगळं पूर्वीसारखं झालं. बिरुदेव आता डाव्या हाताने कातरणी धरायला शिकतो आहे.